चिठ्ठीच्या करंज्या आणि पेशकार

"पेशकारांनी जन्मात कुणाचं वाईट केलं नाही," असं त्यांच्या तेराव्याला जमलेला जो तो म्हणत होता. मी पंगतीत बसले होते, पानात बुंदीचा लाडू होता, म्हणून गप्प राहिले. वाईट करायलासुद्धा माणसाला काहीतरी करावं लागतं. ह्या गृहस्थानं काय केलं? बत्तीस वर्षं निजामाच्या कचेरीत काही केलं नाही आणि पुढची दहा वर्षं मल्लव्वाच्या हॉटेलातल्या बाकावर बसून काही केलं नाही. पण ते काही न करणं असल्या थाटात केलं, की अख्खा उमरगा त्यांना शहाणा समजत होता. मी समजत नव्हते, आजही समजत नाही.

हैदराबाद मोडून आमचा मराठवाडा मुंबईला जोडला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी उमरग्याच्या कन्याशाळेत शिक्षिका म्हणून आले. एकट्या बाईला खोली कोण देणार? मल्लव्वानं दिली. सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून तिचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाक, एक चूल आणि रस्त्याकडं तोंड केलेली मोठी कढई. मागं तिचं दोन खणांचं घर आणि त्याला लागून माझी खोली. मल्लव्वा लिंगायत, नवरा वारलेला, कपाळाला विभूती, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. ट्रकवाल्यांना झाऱ्याच्या धाकात ठेवायची. तिला अक्षरओळख नव्हती, आणि जगात ती दोघांनाच भ्यायची: एक देव्हाऱ्यातल्या मल्लय्याला, दुसऱ्या पेशकारांना.

पेशकार म्हणजे तहसील कचेरीत साहेबापुढं कागद ठेवणारा आणि वाचून दाखवणारा कारकून. उर्दू गेली, मराठी आली, नवा तरणा तहसीलदार आला, आणि त्यानं ह्यांना वेळेआधीच घरी बसवलं. कचेरी सुटली तरी नाव सुटलं नाही. त्यांचं खरं नाव मला पुष्कळ वर्षांनी त्यांच्या मुलाच्या पत्रावर वाचायला मिळालं, आणि ते वाचून मला काही वेगळं वाटलं असं नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी, त्यातलं मधलं एक बटण पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. काळ्या टोपीत खोचलेली पेन्सिल. सकाळी सातला बाकावर येऊन बसायचे, ते दुपारच्या जेवणापर्यंत हलायचे नाहीत.

ह्या माणसाकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ काढून दाखवणाऱ्याला मी माझा महिन्याचा पगार दिला असता. "जेवलात का, पेशकार?" विचारलं तर म्हणणार, "तसं म्हटलं तर झालंय." "मुलगा येतोय का दिवाळीला?" "पत्रात तसा सूर आहे." एकदा मी बाकाच्या टोकाला वह्या तपासत बसले होते. पायाशी काहीतरी वळवळलं. उठायचीसुद्धा भीती वाटली. म्हटलं, "पेशकार, बघा हो, विंचू आहे का?" त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, वाकून नीट बघितलं, परत ताठ बसले आणि म्हणाले, "असण्याचा संभव आहे." तोवर मल्लव्वानं येऊन चपलेनं त्याचा भुगा केला होता. "अगं बया, केवढा थोरला!" ती ओरडली. त्यावर हे म्हणतात, "मला तशी शंका होतीच."

तर ह्याच माणसामुळं मल्लव्वाच्या करंज्या सोलापूरपासून हैदराबादपर्यंत गाजल्या. त्याचा उगम सांगते, कारण मी तिथं होते आणि पेशकारांनी त्याबद्दल नंतर वाट्टेल त्या थापा मारल्या.

कचेरीतल्या जुन्या कागदांची रद्दी बाजारात आली होती. मल्लव्वा ती आणून तिच्यात करंज्या बांधून द्यायची. एके दिवशी सारण भरताना रद्दीचा एक कपटा तिच्या नकळत करंजीत गेला आणि तसाच तळला गेला. ती करंजी मिळाली मकबूल नावाच्या ट्रकड्रायव्हरला. त्याचं लायसन अडकलं होतं, महिनाभर खेटे घालत होता. दाताखाली कागद आला म्हणून शिव्या देत त्यानं तो काढला आणि पेशकारांपुढं धरला. त्यावर होतं, "अर्ज मंजूर". मल्लव्वा बिचारी शरमेनं अर्धी झाली, दुसरी करंजी देऊ लागली. मकबूल हसत निघून गेला. पंधरा दिवसांनी नारळ घेऊन हजर! "अम्मा, तुमारे करंजी में हमारा फैसला निकल्या ना!" लायसन सुटलं होतं. ते तसंही सुटणारच होतं, पण हे त्याला कोण सांगणार? पुढच्या आठवड्यात चार ट्रक येऊन उभे राहिले आणि चारही ड्रायव्हर विचारायला लागले, "कागजवाली करंजी है क्या?"

मल्लव्वा नाही म्हणणार, तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "मल्लव्वा, कागद आपण घालू." पेशकारांनी आयुष्यात स्वतः होऊन केलेलं एवढं एकच काम माझ्या माहितीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून ते चिठ्ठ्या लिहायला लागले. पातळ कागदाच्या बोटभर पट्ट्या, आणि लिहायचं ते पेन्सिलीनं, कारण शाई तेलात फुटते. पट्टीची सुरळी करून मल्लव्वा ती खोबऱ्या-गुळाच्या सारणात खोचायची आणि कड मुडपायची. पेशकारांचे नियम तीन. चिठ्ठीत तारीख नको, नाव नको, आणि होय-नाही तर नकोच नको. बत्तीस वर्षं कचेरीत आलेल्या माणसाला ते जे ऐकवत होते, तेच आता करंजीत घालायला लागले. "विलंब लागेल, परंतु विलंबातच हित आहे." "प्रकरण विचाराधीन आहे." "ज्याला आपण परका समजता तो तितका परका नाही." "पूर्वेकडून वार्ता येईल." अहो, आमचा रस्ताच पूर्व-पश्चिम! सोलापूरकडून नाही आली तर हैदराबादकडून येणार, आभाळातून थोडीच पडणार आहे वार्ता?

पण लोक तुटून पडले. मराठी न येणारे ड्रायव्हर चिठ्ठी काढून पेशकारांपुढं धरायचे, आणि हे चष्मा लावून, घसा साफ करून, ती उर्दूत वाचून दाखवायचे. तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. पुन्हा कागद, पुन्हा साहेबापुढं असायची तशी पेशी, पुन्हा समोर कुणीतरी हात जोडून उभा. ऐकणारा मान हलवायचा. "बराबर बोले पेशकारसाब." काय बरोबर बोलले, हे एकालाही सांगता आलं नसतं.

उगमाची थाप गिऱ्हाईक बघून बदलायची. हैदराबादचा माणूस आला की ही चाल निजामाच्या जनानखान्यातली. तुळजापूरला निघालेलं कुटुंब उतरलं की देवीच्या जुन्या पुजाऱ्याची, भोप्याची. कानडी व्यापारी आला की त्यांच्या मुलखातल्या कल्याणच्या राजाची. त्यांच्याकडं म्हणे पुराणकाळापासून करजीकाईत, म्हणजे करंजीत, चिठ्ठी असतेच. आणि शिक्षणखात्याचे साहेब जीप थांबवून उतरले की, "ही मूळ चीनच्या बादशहाची पद्धत, साहेब." मग चीनची लढाई झाली. दुसऱ्या दिवशी पेशकारांनी चीनच्या बादशहाला असं काही टाकलं, की जसं काही त्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं. मी मुद्दाम विचारलं, "काय पेशकार, चीनचं काय झालं?" म्हणाले, "त्याबाबत फेरविचार झाला आहे."

गंमत अशी, की चारेक वर्षांमागं माझा भाचा अमेरिकेहून आला आणि त्यानं मला एक बिस्कीट दिलं. शिंपल्यासारखं दुमडलेलं, आत कागद. तिकडं चिनी हॉटेलात जेवण झाल्यावर देतात म्हणे. म्हटलं, म्हणजे चीनचं ते खरंच होतं की काय! तर भाचा हसला. चीनमध्ये हे कुणाला ठाऊकसुद्धा नाही. तिकडं अमेरिकेत गेलेल्या जपानी लोकांनी आपल्या गावाकडची जुनी चिठ्ठीची बिस्किटं भाजायला घेतली, नंतर ती चिन्यांच्या हॉटेलात गेली, आणि आता सगळं जग त्यांना चिनी म्हणतं. मी बिस्कीट फोडलं. आत इंग्रजीत लिहिलं होतं, की लवकरच एक जुनी ओळख तुम्हाला आनंद देईल. मला पेशकार आठवले आणि आनंद मुळीच झाला नाही.

मी कुणी मोठी शहाणी होते असं मात्र समजू नका. ह्या थोतांडाचा मला इतका राग यायचा, की एकदा मी प्रयोग केला. पेशकारांचं एक वाक्य घेतलं: "वरून कणखर दिसता, पण मनातलं दुःख कुणापाशी बोलत नाही." ते तीन चिठ्ठ्यांवर उतरवलं, मल्लव्वाकडून तीन करंज्यांत घालून घेतलं आणि शाळेत मधल्या सुट्टीत तीन शिक्षिकांना वाटलं. शिवणाच्या बाई रडायलाच लागल्या. चौथीच्या बाईंनी चिठ्ठी पोलक्यात ठेवली. आणि आमच्या मोठ्या बाई, ज्या शिपायाला सकाळ-संध्याकाळ फाडून खायच्या, त्या म्हणाल्या, "बघा, देवाला तरी कळतं!" मी घरी येऊन पोट धरून हसले.

तिसऱ्या दिवशी मल्लव्वानं चहाबरोबर मला एक करंजी दिली. आत होतं, "जे सोडून आलात ते अजून तुमची वाट बघत आहे." झालं! आठ रात्री झोप नाही. मी काय सोडून आले होते ते इथं सांगायचं कारण नाही, पण आठव्या दिवशी मी बदलीचा अर्ज लिहून पाकिटात घातला होता. मग दिसलं, समोरच्या पंक्चरवाल्यालाही तीच चिठ्ठी निघाली होती आणि तो त्यासाठी गावी जाऊन म्हैस घेऊन आला होता. तेव्हा अर्ज फाडला. माणसाला दुसऱ्यानं आपल्याबद्दल बोललेलं हवं असतं, मग ते काहीही असो. एवढंच ह्या धंद्याचं भांडवल, आणि पेशकारांना ते कचेरीतच कळलं होतं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. गिरिजाचं झालं तिथून मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

गिरिजा ही मल्लव्वाची एकुलती एक मुलगी. माझ्या हाताखाली चार वर्षं शिकली. गणितात असं डोकं, की फळ्यावर मी चुकले तर बसल्या जागेवरून सांगायची. सातवीला तालुक्यातल्या मुलींत पहिली आली. मी तिचा उस्मानाबादच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला. बोलावणं आलं: सोमवारी दुपारी मुलाखतीला हजर राहावं. गेली असती तर घेतलीच असती, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती. दोन वर्षांत ती शिक्षिका झाली असती.

त्याच आठवड्यात मल्लव्वाचा भाऊ आला. कानडी सीमेपलीकडं शेती, बायको वारलेली. आमच्या त्या भागात मामाला भाची देण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो म्हणाला, "अक्का, गिरिजा मला दे. सोमवारपातूर सांग, न्हाय तर मी दुसरीकडं बघतो."

मल्लव्वा माझ्या दारात येऊन बसली. "काय करू, बाई? शिकली तर माझ्यावानी कढईम्होरं जन्म जळायचा न्हाय तिचा. पर एकटी पोर परगावी… आन् भावाला तोडलं तर माझ्या मागं हाय कोण?"

"पाठवा," मी म्हटलं. "डोळे मिटून पाठवा."

"तुमी म्हणणारच. तुमी तिच्या बाई." मग म्हणाली, "सोमवारी पाच करंज्या मल्लय्याम्होरं ठेवते. जी हाताला लागंल तिच्यात असंल तसं."

मी कपाळावर हात मारला. "अहो मल्लव्वा, तुम्हीच तळता ना त्या! पेशकार चिठ्ठ्या लिहितात तुमच्या डोळ्यांदेखत!"

"व्हय की. पीठ म्या मळते, चिठ्ठी ते लिहित्यात. पर कुणाच्या हाताला कंची लागायची, ते आमा दोघांच्या हातात हाय का?"

त्या बाईनं स्वतःच्या हातानं हजारो चिठ्ठ्या सारणात खोचल्या होत्या, आणि तिच्याइतका त्यांवर विश्वास अख्ख्या रस्त्यावर कुणाचा नव्हता.

रविवारी दुपारी मी पेशकारांच्या खोलीवर गेले. ते ब्लेडनं पेन्सिलीला टोक करत बसले होते. सगळं सांगितलं. म्हटलं, "पाचही चिठ्ठ्यांवर एकच वाक्य लिहा, ‘मुलीला पाठव.’ मी लिहिलं असतं, पण गिरिजा माझं अक्षर ओळखते. तुमच्या एका ओळीनं पोरीचा जन्म मार्गी लागेल."

"बाई, ही लबाडी होईल," ते म्हणाले.

"आणि रोज चालते ती?"

"रोज मी कुणाला काही सांगत नाही." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं हो! "उद्या तिथं मुलीला काही झालं, तर लोक काय म्हणतील? पेशकारानं लिहिलं म्हणतील. बत्तीस वर्षांत एक कागद माझ्या अंगावर आला नाही."

"तुमच्या अंगावर कागद येऊ नये म्हणून त्या पोरीनं चूल फुंकत बसायची होय?"

त्यांनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली. "विचार करतो," म्हणाले. आणि मी मूर्ख, त्या शब्दावर भरवसा ठेवून घरी आले. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मला ‘विचार करतो’चा अर्थ कळू नये!

सोमवारी सकाळी उस्मानाबादची एसटी हॉटेलासमोर उभी होती. ड्रायव्हर-कंडक्टर चहा पीत होते. गिरिजा पत्र्याची लहान ट्रंक घेऊन, वेणीला निळी फीत बांधून उभी. मला शाळेतून रजा मिळाली नव्हती, पण उस्मानाबादच्या स्टँडवर माझी मैत्रीण तिला घ्यायला येणार होती. पेशकार आपल्या बाकावर होते. मल्लव्वा न्हाऊन, ओल्या केसांनी मल्लय्याच्या तसबिरीपुढं बसली, डोळे मिटून तिनं पाचातली एक करंजी उचलली आणि फोडली. चिठ्ठी गिरिजाच्या हातात दिली.

गिरिजानं वाचलं, "इष्ट कार्य सिद्धीस जाईल. तूर्त जैसे थे ठेवावे."

शेवटच्या तीन शब्दांपाशी तिनं एकदा आईकडं बघितलं. आईला वाचता येत नव्हतं. गिरिजा काहीही वाचू शकली असती. "मुलीला पाठव" असं म्हणाली असती तरी त्या जागेवर तिला कुणी खोडून काढलं नसतं. मी तर नसतंच काढलं. पण "आहे तसं वाच, मनाचं घालू नकोस" हे चार वर्षं मीच तिला घोकवलं होतं. तिनं आहे तसं वाचलं.

मल्लव्वा उठली आणि सरळ बाकापाशी गेली. "पेशकार, तुमी मोठे. माझ्या बापाच्या जागी. ह्याचा अर्थ काय? एका शब्दात सांगा, पाठवू का नगं पाठवू?"

"अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो, मल्लव्वा. ज्याच्या जसं मनात."

"माझ्या मनात काय हाय तेच मला उमगंना, म्हणून तर इचारते की!"

मला राहवलं नाही. भर रस्त्यात ओरडले, "अहो, बोला ना! तुम्हीच लिहिलंय ते! पाठव म्हणा नाही तर नको म्हणा, पण काहीतरी बोला!" कंडक्टरसुद्धा चहा थांबवून बघायला लागला. पेशकारांनी आपला चहा बशीत ओतला. "लिहिणारा मी," ते म्हणाले, "पण निघणारं माझ्या हाती नसतं." मल्लव्वाचं वाक्य मल्लव्वालाच परत!

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मग पुन्हा एकदा वाजवला. मल्लव्वा बाकाच्या टोकावर मटकन बसली. गिरिजा आईच्या तोंडाकडं बघत उभी राहिली, आणि गाडी गेली. धूळ खाली बसली तेव्हा ती ट्रंक उचलून घरात जात होती. महिन्याभरात मामाशी लग्न लागलं. लग्नात पेशकार पहिल्या पंगतीला होते, दोनदा बासुंदी मागून घेतली. अक्षता टाकताना काय आशीर्वाद दिला असेल? "सर्व यथावकाश होईल." मी शपथेवर सांगते, हेच शब्द.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे.

तीन वर्षांनी मल्लव्वाला धुरानं दम्याचा विकार जडला. गिरिजा दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन आईला बघायला आली आणि मल्लव्वा महिन्याभरात गेली. नवरा शेती सोडून यायला तयार नव्हता, हॉटेल बंद करायला गिरिजा तयार नव्हती. ती कढईपुढं बसली. पहिल्याच सकाळी पेशकारांनी आठवड्याच्या चिठ्ठ्या आणून दिल्या. तिनं त्या वाचल्या, चुलीत घातल्या आणि शांतपणे म्हणाली, "काका, आजपासून मी लिहिणार."

आणि तिनं लिहिलं! "दारू सोड." "डोळे तपासून घे, मग गाडी चालव." "बायकोला पत्र टाक." "मुलीला शाळेत घाल." मला इतका आनंद झाला, की रस्त्यात उभी राहून मी प्रत्येक ट्रकवाल्याला करंजी घ्यायला सांगत होते. दोन महिने झाले नाहीत, तोच ट्रक थांबायचे बंद झाले. "ये क्या करंजी है," मकबूलसुद्धा चिठ्ठी टाकून देत म्हणाला, "इत्ता तो घर में भी सुनते ना हमें!" पुढच्या वळणावरच्या हॉटेलात एका कंपाउंडरनं "पूर्वेकडून वार्ता" सुरू केली होती, सगळे तिकडं गेले. गिरिजानं चिठ्ठ्या घालायचं सोडून दिलं. साध्या करंज्या, भजी आणि चहा ह्यावर हॉटेल कसंबसं चालू राहिलं.

पेशकार मात्र येऊन बसायचेच. चिठ्ठ्या नाहीत, वाचायला कागद नाही, तरी सातला हजर. गिरिजा त्यांना रोज चहा द्यायची, एक शब्द वावगा बोलायची नाही. मी म्हणायचे, "कशाला गं पोसतेस हे?" तर म्हणायची, "असू द्या बाई. आईनं तशीही मला पाठवलं नसतं. ती लई भ्यायची." हे ती मला दोनदा म्हणाली. मी समजले, पोरीनं स्वतःची समजूत घालून घेतलीय. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

मार्च महिन्यात एके दुपारी मी शाळेतून येऊन बाकावर टेकले. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गिरिजाची मुलगी पाटीवर रेघोट्या ओढत होती. कढईत करंज्या होत्या. गिरिजा झारा धरून, मान वर न करता म्हणाली,

"काका, एक विचारू? त्या सोमवारी तुम्ही ‘पाठव’ म्हणाला असता, तर आईनं मला पाठवलं असतं का?"

मी पेशकारांकडं बघितलं. आता चष्मा सरकणार, आता "संभव" येणार, आता "दोन्ही बाजूंनी" येणार. नेमकं तेव्हाच ते यायला हवं होतं, पण नाही आलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"पाठवलं असतं," ते म्हणाले. "तिचं मन तिकडंच होतं. मला दिसत होतं."

तीन वाक्यं. एक ‘परंतु’ नाही, एक ‘तूर्त’ नाही. ह्या माणसानं एकदा तरी सरळ बोलावं म्हणून मी दहा वर्षं तडफडले होते, आणि तो बोलला तो असा! त्या दिवशी एका शब्दानं पोर तरली असती, तेव्हा ह्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. आता जी एक समजूत घालून ती जगत होती, तेवढी मात्र नेमकी काढून घेतली. मेल्या, गप्प बसला असतास तर! असं मी तेव्हा मोठ्यानं म्हणाले की मनात, ते मला आठवत नाही.

करंज्या करपल्याचा वास सुटला तेव्हा गिरिजानं झाऱ्यानं त्या एकेक करून काढल्या आणि बाजूला टाकल्या. पदरानं तोंड पुसलं. मग बाकाकडं बघून म्हणाली,

"काका, तुमचा चहा गार झाला. दुसरा देते."

तिनं दिला. आणि त्या माणसानं तो घेतला. शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, बशी पालथी घातली, टोपी नीट बसवली, आणि भिंतीची सावली धरत धरत घराकडं निघून गेला.